पेटिबोन वकिलांनी घड्याळ थांबवलं

ऑरिन पेटिबोन वकिली करायला मिसुरी नदीपलीकडे आले, तेव्हा तो मुलूख अजून राज्य झालेला नव्हता. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमून यायचा आणि वकिलाचं पोट गुरंचोरांच्या खटल्यांवर चालायचं. पेटिबोन मात्र एकच ध्यास घेऊन आले होते: बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला राहतं घर विकता येऊ नये, असा कायदा. ओहायोत त्यांच्या बापाने दारूपायी घर परस्पर विकलं होतं आणि आईला पेटती चूल सोडून बाहेर पडावं लागलं होतं. दोन निवडणुकांत आपटी खाल्ली, तिसऱ्यांदा गडी विधिमंडळात पोचला.

अधिवेशन शेवटच्या दिवशी दुपारी बाराला संपे. काम उरलं की शिपायाने घड्याळाचा लंबक धरायचा आणि सगळ्यांनी बारा वाजलेच नाहीत असं मानायचं, ही तिथली रीत. "हा शुद्ध खोटेपणा आहे," असं पेटिबोन भर सभेत सुनावत.

पेटिबोनांचा कायदा मतदानाला आला तो असाच शेवटचा दिवस. सभासद असलेला जमिनींचा दलाल कर्नल डॅगेट, जो युद्धाकडे कधी फिरकलाही नव्हता, वेळ संपून कायदा बुडावा म्हणून मुद्दाम भाषणाचं चऱ्हाट वळत बसला. बाराला थोडाच अवकाश होता. पेटिबोन उठले, दुखऱ्या गुडघ्याने खुर्चीवर चढले आणि लंबक धरला.

"काय हो वकीलसाहेब, हा खोटेपणा ना?"

"आहेच. खोटा मी ठरेन, कर्नल. कायदा होऊ द्या."

कायदा झाला. पुढच्या निवडणुकीत कर्नलने 'लंबकधरे साधू' म्हणून गावोगाव त्यांची टर उडवली आणि पेटिबोन पडले. पण हार मानतील तर ते पेटिबोन कसले! पुन्हा उभं राहण्यासाठी त्यांनी राहतं घरच विकायला काढलं आणि गिऱ्हाईक थेट स्वयंपाकघरात आणलं. त्यांची बायको लोविना पीठ मळत होती.

"लोविना, एवढी सही कर. जिंकलो की याहून मोठं घर बांधू."

"मी नाही करणार."

"अगं, मग मी निवडणूक लढवू कशी?"

"ते तुम्ही बघा, मिस्टर पेटिबोन. मी इथून हलायची नाही."

वकिलांनी खरेदीखताची घडी घालून खिशात ठेवली. राग आला होता, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं. ते गिऱ्हाइकाकडे वळले.

"माफ करा साहेब," ते म्हणाले, "बाईसाहेब नाही म्हणतात."