श्रीलंकेच्या मिरीचा पुण्यातला पंचनामा

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दोन शेजारी देशांमधल्या मुक्त व्यापार कराराची कसून तपासणी पुणे शहरातल्या एका साध्या पोलीस ठाण्यात झाली होती, आणि तपास अधिकारी मी होतो. वाचकांनी हसू आवरावे. करार कशाशी खातात हे मला तोवर ठाऊक नव्हते. पण निवृत्तीनंतरही ते प्रकरण मनातून गेलेले नाही.

उदारीकरणाचे दिवस. ठाण्यात पहिला कॉम्प्युटर आला होता. धूळ बसू नये म्हणून त्यावर कायम कापड असे, आणि ते काढायचे धाडस कोणी करीत नसे. एके सकाळी निनावी फोन आला: "मार्केट यार्डाजवळच्या मसाल्याच्या गोदामात मुकादमानं श्रीलंकेची मिरी काढून हलका माल भरलाय." तासाभरात गोदामाचे शेठ फिर्याद घेऊन हजर. गिऱ्हाइके माल परत करीत होती. फोनपाठोपाठ फिर्याद आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही.

ही मिरी श्रीलंकेशी झालेल्या नव्या करारातून, सवलतीत आली होती, असे शेठ म्हणाले. तो करार समजून घ्यायला मी कस्टममधल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, शेजारी देशांनी एकमेकांच्या मालावरचा कर कमी करायचा, एवढंच. शेजारणीकडून वाटीभर साखर आली तर दारात अडवायची नाही. मात्र साखर तिच्याच घरची हवी. तसा दाखला मालाबरोबर येतो."

मला ही कल्पना फार आवडली. शेजाऱ्यांच्या भांडणांच्या फिर्यादी लिहिण्यात अर्धी नोकरी गेलेल्या माणसाला ती आवडणारच.

माल आणून देणाऱ्या दलालाने तो दाखला माझ्यापुढे ठेवला. शिक्का, सही, भोवती नक्षी. लग्नपत्रिकेने लाजावे इतका देखणा कागद. कागद म्हणतो माल श्रीलंकेचा, पोत्यात निघतो भलताच. म्हणजे अदलाबदल पुण्यात झाली. आणि गोदामाच्या किल्ल्या मुकादमाकडे.

मुकादम पन्नाशी उलटलेले, पुण्यातल्या जुन्या मुसलमान घरातले. गोदामात सगळे त्यांना चाचा म्हणत. चौकशीत त्यांनी किल्ल्यांची जुडी माझ्या टेबलावर ठेवली. "तीस वर्षं या कमरेला आहेत. शेठ म्हणत असतील तर घ्या. पण माल आला तसाच आहे, साहेब." पुढे दोन दिवस एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटक दाखवायचे ठरले. कागद तयार होते. एका सहीसरशी तीस वर्षांचे नाव जाणार होते.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गोदामात पोती शिवणाऱ्या बाई येरवड्याहून बसने ठाण्यात आल्या. "चाचांना सोडा."

हवालदार म्हणाले, "बाई, काही पुरावा आहे का?"

"मग मी इथं काय तुमचा कॉम्प्युटर बघायला आले?"

मी समजावणीच्या सुरात म्हणालो, "जप्त केलेल्या पोत्याचा रीतसर पंचनामा झालाय."

"पोतं आतून बघितलं का?"

"मिरी बघितली."

"मिरी नाही, पोतं म्हणते मी. रिकामं झालं की आम्ही ते उलटं करून झटकतो, मग शिवायला घेतो. काल या मालातली दोन झटकली. तुम्ही पाहणी केली, का नुसतं दर्शन घेतलं?"

पंच बोलावले. मिरी चादरीवर ओतली. बाईंनी दोन हिसक्यांत पोते उलटे केले, तशी तीन शिपाई एकदम शिंकले. हुद्द्याचा मान राखून मी चौथा शिंकलो. डोळे पुसून पाहतो तर बाहेरून ठसठशीत श्रीलंका, आणि आतल्या अंगाला भलत्याच, दूरच्या एका देशाचे नाव!

"पोतंच तिकडचं," बाई म्हणाल्या, "मग चाचांनी बदललं काय?"

एखादे पोते जुने, फिरून वापरलेले असू शकते. म्हणून गोदामात माणसे पाठवून त्या मालातली सगळी पोती रिकामी करवली. प्रत्येकाच्या आत तेच नाव. शिंकांची मोजदाद केली नाही.

दलालाला बोलावले. उलटे पोते त्याच्यासमोर पसरले. त्याने पोत्याकडे पाहिले, आपल्या देखण्या कागदाकडे पाहिले, आणि पाणी मागितले. दूरच्या देशाचा माल बेटावर उतरवायचा, पोती उलटून नवा छाप मारायचा, खोटा दाखला जोडायचा आणि शेजाऱ्याची सवलत आपण खायची. गिऱ्हाइके माल परत करू लागली, तेव्हा संशय चाचांवर जावा म्हणून केलेला निनावी फोनही त्याचाच होता. पुढचा तपास कस्टमकडे गेला.

त्यानंतर कुठलाही दाखला हातात आला की, ही वस्तू रोज हाताळतो कोण, हे मी आधी विचारू लागलो. करार चांगलाच होता. देशोदेशीच्या मोठ्या लोकांनी तो केला, आणि आमच्या हद्दीत त्याची राखण पोती शिवणाऱ्या एका बाईंनी केली.

त्याच दिवशी दुपारी शेठनी चाचांपुढे हात जोडले, "चुकलो." मला तर हर्ष मावेना. सगळे ठाणे गोळा करून मी तपास कौशल्यावर बोलायला उभा राहिलो. दोन वाक्ये झाली असतील, तोच दोन दिवस मुके बसलेले चाचा एकदम ओरडले, "अहो साहेब, भाषण राहू द्या! त्या बाई सकाळपासून उभ्या आहेत, त्यांना खुर्ची द्या की आधी!"