ठिपकीचं गाऱ्हाणं

जी कोंबडी आपण खाल्ली असं समजून मी तीन आठवडे हळहळलो, ती आज सकाळी माझ्या चपलेवर शिटून गेली. तिची तब्येत उत्तम आहे. बिघडलं ते माझंच, आणि ते कसं बिघडलं हे लिहून काढल्यावर मन थोडं हलकं होईल, असं शैलाचं म्हणणं आहे. शैला म्हणजे माझी बायको. ती साताऱ्याची असल्यामुळे स्पष्ट बोलते.

निवृत्तीनंतर आम्ही ठाण्याहून धामापूरच्या अलीकडे आमच्या वाडीत राहायला आलो. दोन महिन्यांत कंटाळलो आणि कोंबड्या पाळणार असल्याचं जाहीर केलं. फोनवर मिळतील तेवढे व्हिडिओ पाहिले आणि स्वतःच्या हातांनी खुराडं बांधलं. जाळी, वर कौलं, वाऱ्यासाठी खिडकी आणि चढायला शिडी! कोंबड्यांनी ते एकदा बाहेरून पाहिलं आणि फणसावर झोपायला गेल्या. वर्ष झालं, अजून तिथेच झोपतात. खुराड्यात शैला कांदे ठेवते.

पहिली कोंबडी दिली ती इंदूकाकीने. इंदूकाकी आमची शेजारीण, वय पंचाहत्तरच्या पुढे. लहानपणी मी तिच्या कडेवर वाढलो. तिच्या आणि आमच्या परसांच्या मधे चिऱ्यांची बुटकी भिंत, म्हणजे गडगा आहे आणि त्या गडग्यात एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट आहे. त्या फटीतून काकी रोज यायची आणि माझ्या चुका मोजून जायची. मी कोंबडीला ताप आहे का ते बघायला थर्मामीटर आणला तेव्हा ती पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी कोंबडीला साबण लावून आंघोळ घातली तेव्हा मात्र हसली नाही. "परकाश, तू हापिसातच बरो होतंस," एवढंच म्हणाली.

तिने दिलेली कोंबडी काळी, अंगभर पांढरे ठिपके, म्हणून ठिपकी. ठिपकी रोज एक अंडं द्यायची. पावसाळा संपला आणि अचानक तिने अंडी देणं बंद केलं. मी लगेच व्हिडिओ लावला. त्यात कॅल्शियम कमी पडतं असं म्हटलं होतं. मी देवबागच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले आणले, कुटले आणि तिच्यासमोर ठेवले. तिने त्यात पाय घासले आणि निघून गेली.

"बंद काय एक नाय झाली," काकी म्हणाली. "खंयतरी चोरून घालता आसतली. मांगरात बघलंस?"

मांगर म्हणजे घरामागची खोपी. नारळाची सोडणं, झावळ्या आणि मोडकी अवजारं आम्ही तिथे टाकतो. "मांगरात इंचू आसत," मी म्हणालो आणि विषय संपवला. (माझ्या आयुष्यातले बरेच विषय मी असे मांगराच्या दारातच संपवले आहेत.)

मग तो मंगळवार आला. काकीचा झील, म्हणजे मुलगा, गोव्याहून आला होता आणि तिच्या चुलीवरून कोंबडीच्या सागोतीचा असा वास येत होता की मी सकाळपासून गडग्याजवळच्या अळवाला तीन वेळा पाणी घातलं. दुपारी काकीने फटीतून झाकलेलं भांडं पुढे केलं. "खावा गरम गरम." मी सात वडे खाल्ले. एवढी चविष्ट कोंबडी आयुष्यात खाल्ली नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. शैला साक्षीदार आहे.

संध्याकाळी फणसावर चढणाऱ्या कोंबड्या मोजल्या. एक कमी होती. हाका मारल्या, तांदूळ उधळले, ठिपकी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून पलीकडे पाहिलं, तर काकीच्या खताच्या खड्ड्याशी काळी-पांढरी ठिपक्यांची पिसं पडलेली. मी घरात येऊन शैलाला सांगितलं की कालचे सात वडे मी ठिपकीबरोबर खाल्ले.

"अहो, काकींना सरळ विचारा," शैला म्हणाली.

"काय विचारू? काकी, काल मी कोणाला खाल्लं?"

"त्यांच्याकडच्या कोंबड्या ठिपकीच्याच भावंडांतल्या आहेत. पिसं तशीच असणार. आणि जी कोंबडी त्यांनीच दिली, ती त्या चोरतील कशाला?"

"तू साताऱ्याची आहेस. तुला इथलं कळणार नाही," मी म्हणालो. संपूर्ण प्रकरणात शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच होती आणि तिला मी जिल्ह्याबाहेर काढलं.

चार दिवस मी फुगून बसलो. काकी दिसली की आत जायचो. शनिवारी ती फटीत उभी राहून हाक मारत होती, "रे परकाश, हय ये मरे, तुका एक गंमत दाखयतंय." मी दार ओढून घेतलं आणि शैलाला म्हणालो, "सांग, झोपलेत." सकाळचे दहा वाजले होते. काकी थोडा वेळ थांबली. "बरा, मगे येतंय," म्हणाली आणि गेली. तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या दिवशी मी दार उघडलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

कारण तोपर्यंत मी गाऱ्हाणं ठरवून आलो होतो. आमच्याकडे काही चोरीला गेलं, कुणी फसवलं, की माणूस देवळात जाऊन देवाला गाऱ्हाणं घालतो. दाजी हे आमच्या गावचे मानकरी. देवाशी बोलायचं काम त्यांचं. ते एकेक वाक्य म्हणतात आणि जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा देतात. लहानपणी मी लांबून ऐकलेलं, कोंबडीसाठी कुणी घातलेलं आठवत नाही. रविवारी नारळ घेऊन मी हजर झालो.

"संशय कोणावर?" दाजींनी विचारलं.

"नाव नको. गडग्याच्या पलीकडे, इतक्याच म्हणा."

माझ्या गडग्याच्या पलीकडे एकच घर आहे. दाजींनी माझ्याकडे जरा बघितलं. "बरा. मगे असा घालूया, ज्येनी ती कोंबी खाल्ल्यान आसात, तेच्या पोटात कळ येवंदे."

मी त्यांचा हात धरला. "पोटाचा नको."

"कित्या?"

"दुसरा कायतरी घाला."

दाजींनी विचार केला. "मगे, ज्येच्या घराक ती कोंबी आसात, तेचा गावात हसा होवंदे?"

"चलात," मी म्हणालो. हे वाक्य मी स्वतः पसंत केलं, त्यात कुणाचा काही दोष नाही.

वळून पाहतो तर खांबाजवळ धुतलेलं लुगडं नेसून इंदूकाकी बसलेली. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. दाजींनी सुरुवात केली. गडग्याच्या पलीकडचा उल्लेख आला तेव्हा देवळात कुणी कुणाकडे पाहिलं नाही. शेवटी दाजी म्हणाले, "ज्येच्या घराक ती कोंबी आसात, तेचा गावात हसा होवंदे, रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले आणि त्यात सगळ्यांत मोठा, खणखणीत आवाज काकीचा होता. ती सरळ माझ्याकडे बघत होती. काय हिंमत बाईची, असं मला वाटलं.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवस शांततेत गेले. एका सकाळी दाजी देवळाच्या कामाची यादी घेऊन घरी आले. सोबत गावातले आणखी दोघे होते. आम्ही मागच्या परसात चहा घेत होतो. मी नुकतंच म्हणत होतो की आजकाल शेजाऱ्यांवर विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत. एवढ्यात मांगराच्या दारातून ठिपकी बाहेर आली. मागे नऊ पिल्लं. ती सगळी वरात आमच्या चहाच्या कपांमधून, दाजींच्या पायांजवळून, सावकाश अंगणात गेली.

दाजींनी कप खाली ठेवला. "परकाशा, ही खंयची कोंबी?"

मी पिल्लं मोजू लागलो.

"ज्येच्या घराक..." दाजी हळूच म्हणाले आणि त्यांनी मान वर करून माझ्या घराच्या कौलांकडे पाहिलं. बाकीचे दोघे चहा न संपवताच उठले. त्यांना गावात जायची घाई होती.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा मांगरात शिरलो. सोडणांच्या ढिगामागे अंड्यांची फुटकी टरफलं होती. एकवीस दिवस ती तिथे उबवत बसली होती. आणि शेजारी दोन करवंट्या. एकीत तांदळाची कणी, दुसरीत स्वच्छ, ताजं पाणी.

"हे तू ठेवलंस?" मी शैलाला विचारलं.

"मी नाही," ती म्हणाली आणि गडग्याकडे बघत राहिली.

मी दुपारी दोन ते चार झोपतो, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. त्या वेळात काकी फटीतून येऊन माझ्या कोंबडीला जगवत होती. देवळातून आल्यावरसुद्धा. शनिवारची गंमत म्हणजे हीच होती. मला इतकी लाज वाटली की मी मांगरातच खाली बसलो, विंचवांचा विचारही आला नाही.

फटीकडे गेलो, तर तिथे नारळाचं झाप आडवं बांधलेलं. पिल्लं बाहेर आल्यावर तिचं इकडचं काम संपलं होतं. मी दोन पिल्लं टोपलीत घेऊन रस्त्याने वळसा घालून गेलो. काकी पडवीत कणी पाखडत होती.

"काकी, माझी चूक झाली."

तिने सूप थांबवलं नाही. "तुका मी कडेर घेवन वाढयलंय. गडग्यावरसून एक हाक मारूक व्हयी होती, इतक्याच." मग टोपलीत डोकावली. "पिल्लां परत घेवन जा. तेंका आवशीची ऊब लागता."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी दाजींकडे जाऊन विचारलं, गाऱ्हाणं मागे घेता येईल का? "मागे कित्या घेतंस?" दाजी म्हणाले. "पावला मां." खरंच पावलं होतं. माझा चष्मा सापडेना झाला की दुकानापर्यंत प्रत्येक जण मला मांगरात बघायला सांगतो. पण ते मी सहन केलं. सहन होत नव्हती ती फट. माझ्या कोंबड्या झापाखालून रोज पलीकडे जायच्या, काकीच्या हातची कणी खायच्या आणि परत यायच्या. मी इकडे उभा राहून बघायचो.

सहा महिने गेले. गेल्या आठवड्यात ठिपकी पुन्हा दिसेना. मी गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. पलीकडून काकीच्या झाडूचा आवाज येत होता. या वेळी मी गडग्यावरून हाक मारली.

"काकी गो, आमची ठिपकी खंय बघलंस काय?"

झाडू थांबला. मग गडग्यावरून उत्तर आलं.

"देवाक इचार."

सहा महिन्यांत ती माझ्याशी बोलली ते हे पहिले दोन शब्द. मी धावत जाऊन ते शैलाला सांगितले, मग पुन्हा एकदा सांगितले आणि त्या आनंदात कोंबडी शोधायची राहूनच गेली. (मांगरात होती.)