मोहरीएवढी पृथ्वी

गेल्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटच्या तळ्याकाठी मी आणि माझी नऊ वर्षांची लेक रेवा गुडघ्यांवर बसून मोहरीचा एक दाणा शोधत होतो... चांगली वीस मिनिटं. हे का, ते सांगायचं तर दोन आठवडे मागे जावं लागेल.

शाळेत रेवाच्या वर्गाला विश्वाबद्दलचा एक व्हिडिओ दाखवला. कॅमेरा पृथ्वीपासून मागे मागे जातो, मग सूर्याचा ठिपका होतो, मग आख्ख्या आकाशगंगेचा ठिपका होतो... वर्गातल्या बाकीच्यांना मजा वाटली असावी. रेवा मात्र घरी आली ती गप्पच.

आधी वाटलं, मैत्रिणीशी काहीतरी बिनसलं असेल. पण चित्रं काढणं बंद झालं, जेवायला बसली की नुसता भात चिवडत बसायची. शेवटी अनघाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला जवळ घेऊन विचारलं.

"आई, वी आर सो स्मॉल," रेवा म्हणाली. "मग मी काही केलं काय, नाही केलं काय... इट डझन्ट मॅटर ना?"

हे ती हट्टाने म्हणत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती.

मी पडलो कॉम्प्युटरच्या चिप डिझाइन करणारा. मला वाटलं, आकडे नीट समजले की भीती जाते. सूर्य ग्रेपफ्रूटएवढा, म्हणजे मोठ्या मोसंबीएवढा, धरला तर पृथ्वी मोहरीएवढी होते... मी हिशोब करून सगळी तयारी केली. गुरूसाठी द्राक्ष, नेपच्यूनसाठी मूग, आणि स्वयंपाकघरातून मोहरीचं पाकीट.

अनघा म्हणाली, "अरे, तिला आधीच इतकं लहान वाटतंय, आणि तू मोहरी घेऊन कुठे निघालास?"

मी ऐकलं नाही.

तळ्याकाठच्या बाकावर ग्रेपफ्रूट ठेवलं. वीस पावलांवर पृथ्वी. तिथे खडूने खूण केली, पण मोहरी रेवाने तळहातावरच ठेवली. शंभर पावलांवर द्राक्ष ठेवलं. मग चालतोय, चालतोय... सहाशे पावलं झाल्यावर मूग. मागे वळून पाहिलं तर ग्रेपफ्रूट सोडा, बाकसुद्धा नीट दिसत नव्हता.

"आणि त्याच्यानंतरचा स्टार कुठे?" रेवाने विचारलं.

"अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत," मी उत्साहात सांगितलं. "आत्याच्या घरी दुसरं ग्रेपफ्रूट ठेवायचं, एवढ्या लांब."

"आणि मधे?"

"मधे जवळजवळ काहीच नाही."

तिचा चेहरा बघितला आणि कळलं, आपण काय करून बसलोय ते. पण बोलून गेलो होतो... परत येताना ती तळहातावरच्या मोहरीकडेच बघत चालत होती.

खडूच्या खुणेपाशी आलो आणि वाऱ्याची एक झुळूक आली. फ्रीमाँटला दुपारी वारा सुटतोच. रेवाच्या तळहातावरचा दाणा उडाला.

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "गाडीत आख्खं पाकीट आहे. दुसरा घेऊ."

"नाही. दुसरा नको."

"अगं, सगळे सारखेच असतात."

"बाबा, त्याच्यावर आई आहे." तिने रिकामा तळहात माझ्यासमोर धरला. "त्याच्यावर पुण्याचे आजी-आजोबा आहेत. तो आपला होता."

आणि ती खाली बसली. रस्त्याच्या कडेची माती बोटांनी हळूहळू बाजूला करायला लागली. मीही बसलो... दुसरं काय करणार.

थोड्या वेळाने शेजारी एक सावली पडली. उन्हाची मोठी टोपी घातलेल्या एक चिनी आजी होत्या, रोज तिथे फिरायला येत असाव्यात. इंग्रजी फारसं येत नव्हतं त्यांना. कानाच्या पाळीला हात लावून त्यांनी खुणेने विचारलं, डूल हरवलंय का? रेवाने नाही म्हणून मान हलवली आणि दोन बोटांच्या चिमटीत दाखवलं, एवढंसं काहीतरी.

"आय हेल्प," आजी म्हणाल्या. बाकाचा आधार नव्हता, माझा हात धरून त्या हळूच खाली बसल्या. काय शोधायचंय तेही त्यांना माहीत नव्हतं. पण मूल शोधतंय म्हणजे ते महत्त्वाचं असणार, एवढं त्यांना पुरेसं होतं.

दाणा त्यांनाच सापडला. सिमेंटच्या फटीत होता. त्यांनी ओल्या बोटाच्या टोकावर तो अलगद उचलला, डोळ्यांजवळ नेला... नुसती मोहरी आहे हे त्यांना दिसलं असणारच. तरी हसल्या नाहीत. रेवाचा हात उघडून त्यावर ठेवला आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"इट्स द अर्थ," रेवाने त्यांना सांगितलं.

आजींनी गंभीरपणे मान डोलावली. किती कळलं, कोणास ठाऊक.

घरी येताना रेवा मागच्या सीटवर बडबडत होती. त्या दाण्यावर कोण कोण आहे, याची यादी चालली होती. टीचर, शेजारचा कुत्रा, आत्या... थोडा विचार करून तिने शाळेत त्रास देणाऱ्या एका मुलालाही घेतलं. मग म्हणाली, त्या आजीपण.

तिची भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही मधूनच काहीतरी अवघड विचारते. पण आता विचारते तरी... आणि जेवते.

विश्व किती मोठं आहे ते मला आकड्यांत सांगता येतं. लहान असणं आणि नगण्य असणं यात फरक आहे, हे मात्र एका नऊ वर्षांच्या मुलीने आणि एका अनोळखी आजींनी जमिनीवर बसून शिकवलं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं... या शनिवारी त्याच वेळी पुन्हा जाणार आहोत, भेटल्या तर आधी तेच विचारीन.