आमच्या लॅबमधलं प्लॅटिनम-१९०

सुमननं डिश टेबलावर ठेवली ती चिमट्यानं, आणि चिमटाही हात लांब करून धरलेला. डिश तर केव्हाच थंड झाली होती. ठेवली, दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "सायेब, उद्यापास्नं म्या येनार न्हाय."

सुमन आमच्या लॅबमधली अटेंडंट. सॅम्पल आणायचं, भांडी धुवायची, भट्टी लावायची ही तिची कामं. पाचवा महिना चालू होता तिला. मला वाटलं, तब्येतीचं काही असेल.

"बरं वाटत नाही का?"

"म्या बरी हाय. पर आत्याबाई म्हनल्या, त्या डिशीत अनुबाँबातलं काय तरी हाय. पोटातल्या लेकराला बादतं. तुमीच सांगितलंय म्हनं."

मी चक्रावलो. अणुबाँब हा शब्द माझ्या तोंडून गेलेला नव्हता. पण काय गेलं होतं, ते हळूहळू आठवलं.

हा ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळातला प्रसंग. उस्मानाबाद जिल्ह्यातला सहकारी साखर कारखाना, आणि मी तिथं लॅब केमिस्ट. माझं गाव तेरजवळचं. आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि थेट बी.एस्सी. झालो. डिग्री फ्रेम करून भिंतीला लावली होती, यात मला कधी संकोच वाटला नाही.

मळी जाळल्यावर राख किती उरते हे बघायची एक टेस्ट असते. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक. ती प्लॅटिनमच्या छोट्या वाटीत, म्हणजे डिशमध्ये जाळतात. आम्ल आणि आठशे डिग्रीची आच, दोन्ही सोसून प्लॅटिनमचं वजन जसंच्या तसं राहतं. संचालक मंडळ लॅब बघायला आलं तेव्हा एका डायरेक्टरनं विचारलं होतं, "ही वाटी एवढी कुलपात का ठेवता?" मी प्लॅटिनमची सगळी माहिती दिली. चांगली दिली. निसर्गातल्या प्लॅटिनमचे सहा आयसोटोप असतात, पाच स्थिर आणि एक किरणोत्सारी, हेही सांगितलं. त्या दिवसांत परदेशातल्या एका अणुभट्टीच्या अपघाताच्या बातम्या पेपरात येत होत्या. डायरेक्टरनं किरणोत्सारी एवढाच शब्द घरी नेला असणार. घरून तो पाण्याच्या टँकरपाशी गेला, आणि टँकरपाशी रांगेत सुमनच्या सासूबाई, पारूबाई होत्या. सुमन त्यांना आत्याबाई म्हणायची.

"मग आता करणार काय?" मी सुमनला विचारलं.

"हमीच्या कामावर जाईन. खडी फोडाया."

पाचव्या महिन्यात, उन्हात बसून, घणानं खडी. आणि तेसुद्धा या वाटीपेक्षा बरं म्हणून!

चीफ केमिस्ट देशमुख साहेबांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाघमारे, ती टेंपररी आहे. आठवडाभर थांबतो. मग दुसरा माणूस घ्यावा लागेल. डायरेक्टर लोकांचे पुतणे-भाचे दारातच उभे आहेत."

"पण साहेब, डिशला काही झालेलं नाही."

"किरणोत्सारी आहे की नाही?"

"आहे. पण थोडी."

"म्हणजे आहे!" साहेब खुर्चीत मागं सरकले. "अहो, मीसुद्धा तीस वर्षं हाताळतोय ती!"

खात्री करावी म्हणून पुस्तकं काढली. कॉलेजच्या जुन्या पुस्तकात एकशे नव्वद नंबरचा आयसोटोप स्थिर दिला होता. लॅबमधल्या नव्या हँडबुकात तोच किरणोत्सारी. दोन्ही पुस्तकं समोर ठेवून ताडून बघितली. उलगडा असा की तो इतका सावकाश फुटतो, की आधीच्या लोकांना फुटतोय हे कळलंच नव्हतं. हे मला समजलं. पण हे पारूबाईंना कुठल्या शब्दांत सांगायचं, ते समजेना.

तरी गेलो. पारूबाई ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. बाई फटकळ, पण पाहुणा म्हणून आधी चहा ठेवायला लावला.

मी म्हणालो, "मावशी, आयसोटोप म्हणजे काय ते सांगतो. आपल्या गोडाऊनमध्ये साखरेची पोती असतात. सगळ्यांवर शिक्का एकच, साखर एकच, गोडी एकच. फक्त वजनात थोडा फरक. कुणी जरा हलकं, कुणी जरा भारी. प्लॅटिनमचे आयसोटोप तसेच."

"बरं."

"त्यातल्या दहा हजार पोत्यांत एखाद्याची शिवण कच्ची असते. ते कधी तरी उसवतं. ते एकशे नव्वद नंबरचं."

"दहा हजारात येक. पर हाय न्हवं?"

"आहे."

"आन् ते उसवतं कवा?"

"निम्मी उसवायला हजारो कोटी वर्षं लागतात."

त्यांनी हात थांबवला. "मंजी आज उसवनार न्हाय?"

आता काय सांगणार? आमच्या विषयात अमुक अणू आज फुटणार नाही असं कुणीच सांगू शकत नाही. आणि त्या वाटीत अणू इतके, की दर मिनिटाला काही ना काही फुटतच असतात.

"आजही फुटू शकतं, मावशी," मी म्हणालो.

पारूबाईंनी सुमनकडं बघितलं. "ऐकलंस? सायेब सोताच्या तोंडानं सांगायलेत."

मग मला वाटलं, खरे धोकादायक प्रकार वेगळेच असतात, ते सांगावं. "मावशी, प्लॅटिनमचे दुसरे जोरदार प्रकार आहेत, पण ते अणुभट्टीत बनवावे लागतात. काही तासांत, काही दिवसांत संपून जातात. ते आपल्या डिशमध्ये नाहीत."

"अनुभट्टी?" पारूबाई म्हणाल्या. "पेपरात आली ती?"

चहा पिऊन मी उठलो. एक वाक्य खोटं बोललो नव्हतो, आणि बाईंची भीती मात्र आलो तेव्हापेक्षा वाढलेली.

शेवटी लातूरला कॉलेजमध्ये माझा एक मित्र, कुलकर्णी, फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होता, त्याला ट्रंक कॉल लावला. त्याच्याकडं गायगर काउंटर होतं. किरण आला की टक् असा आवाज करणारं यंत्र. कुलकर्णी छोट्या रेल्वेनं येडशीला उतरला, मांडीवर खोकं घेऊन. मी मोटरसायकलवर त्याला आणलं. लॅबमध्ये देशमुख साहेब, सुमन आणि पारूबाई. पारूबाईंना आणायला मी सुमनच्या नवऱ्याला पाठवलं होतं. त्या दाराच्या आत यायला तयार नव्हत्या. उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

कुलकर्णीनं यंत्र चालू केलं. डिश अजून कपाटात होती.

टक्. टक् टक्. टक्.

"आगं बया!" पारूबाई म्हणाल्या. "वाटी भाईर काडली न्हाय तरी बोलतंय!"

"हे असंच असतं," कुलकर्णी म्हणाला. "जमिनीतून, आभाळातून, सगळीकडून थोडे किरण येतच असतात."

"सगळीकडून?" देशमुख साहेबांनी छताकडं बघितलं.

रिकाम्या यंत्राचा मिनिटभराचा आकडा कुलकर्णीनं लिहून घेतला, मग डिश ठेवली. मिनिटभराचा आकडा मघापेक्षा जास्त आला. साहेबांचा चेहरा पडला. कुलकर्णी म्हणाला, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतला, तर रिकाम्या यंत्रापेक्षाही कमी.

"म्हणजे डिश ठेवल्यावर किरण कमी झाले?" साहेब म्हणाले.

"तसं नाही सर. आकडा मागं-पुढं होतोच. डिशचा परिणाम या यंत्राला दिसतच नाही, इतका तो कमी आहे."

"मग यंत्र आणलं कशाला?"

यंत्र आणल्यावर सगळं स्पष्ट होईल, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

त्यात कुलकर्णीला उत्साह आला. "थांबा, यंत्र चालतं हे तरी दाखवतो. ही टेस्ट झालेली राख आहे ना? ठेवा."

मळीची राख यंत्राखाली गेली आणि टकटक सरळ वाढली. एकदा नाही, तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वाढलेलीच. सुमननं पदर तोंडाला लावला. साहेब उठून खिडकीशी गेले. मला कुलकर्णीचा गळा धरावासा वाटला.

"बगा! बगा!" पारूबाई उंबऱ्यावरून ओरडल्या.

"मावशी, हे प्लॅटिनम नाही," मी घाईनं म्हणालो. "हे पोटॅश. उसानं जमिनीतून घेतलेलं. त्याचाही एक आयसोटोप किरणोत्सारी असतो. कुठल्याही झाडापाल्याच्या राखेत पोटॅश असतंच."

"कुठल्याबी?"

"कुठल्याही."

बाई वळल्या आणि चालू लागल्या. आम्हाला वाटलं, गेल्या घरी. सुमन मागून निघाली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. लॅबच्या मागंच कँटीन होतं. थोड्या वेळानं पारूबाई आल्या त्या कँटीनच्या चुलीतली राख थाळीत घेऊन, आणि या वेळी उंबरा ओलांडून सरळ टेबलापाशी.

"हिला लाव यंत्र."

कुलकर्णीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. चुलीच्या राखेत पोटॅश कमी, त्यामुळं जास्त वेळ लावून मोजावं लागलं. सगळे टकटक ऐकत होते. आकडा आला तो मळीच्या राखेपेक्षा कमी, पण रिकाम्या यंत्रापेक्षा नक्की जास्त.

"किती?" पारूबाईंनी विचारलं.

"हिच्यातही आहे, मावशी. वाटीपेक्षा पुष्कळ जास्त. वाटीचं तर यंत्राला कळलंसुद्धा नाही."

बाई स्वतःच्या हाताकडं बघत राहिल्या. "ह्या राखंनं म्या उभा जलम भांडी घासली. सहा लेकरं झाली मला. आन् यंदा तर पानी न्हाय म्हनून नुसत्या राखंनंच घासून पुसायलोय." मग माझ्याकडं वळल्या. "ह्ये आदी का न्हाय सांगितलं?"

"आठवडाभर तेच सांगतोय की! थोडं आहे, थोडं आहे."

"थोडं हाय म्हनलात. कशापरास थोडं, ते कुटं सांगितलं?"

मी बी.एस्सी. होतो, साहेब एम.एस्सी. दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

पारूबाईंनी राखेची थाळी उचलली. जाता जाता सुनेला म्हणाल्या, "काय बगायलीस? वाटी धू. आन् सावलीत बसून काम कर."

सुमनची जागा राहिली. बाळंतपणापर्यंत ती लॅबमध्येच होती. मुलगी झाली, धडधाकट. खडी फोडायला गेली असती तर काय झालं असतं, ते कुठलंच यंत्र सांगत नाही.

प्रकरण तिथं संपलं असं मात्र नाही. कॉलनीतल्या दोन-चार बायांनी राख सोडून मातीनं भांडी घासायला सुरुवात केली. पारूबाईंनीच त्यांना वेड्यात काढून परत राखेवर आणलं. तो डायरेक्टर पुढच्या मीटिंगला भेटला आणि म्हणाला, "वाघमारे, फार घोळ घातलात. एका शब्दात सांगा, ती वाटी किरणोत्सारी आहे का नाही?"

"आहे," मी म्हणालो, "तुमच्या घरच्या चुलीपेक्षा कमी."

रिपोर्टच्या बाबतीत मला तेव्हापासून एक सवय लागली. थोडं, फार, किंचित हे शब्द आले की पुढं कशाच्या मानानं ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर तो शब्द खोडायचा.