आपांचे नाव फॉर्मवर राहील

रविवार, पाच जानेवारी. सकाळी साडेसहाला मैदानावर गेलो. थंडी होती. कुत्र्यांनी मुरमात उकरलेले खड्डे बुजवले आणि फळी फिरवली. सातपर्यंत सहा जण आले. दोन डाव झाले. एक हरलो, एक जिंकलो. आपा आल्या नाहीत. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले आहेत. नऊला घरी आलो, चहा केला आणि हा लेख लिहायला बसलो.

श्रीमती नसीम शेख, म्हणजे आमच्या आपा, या महिन्यात वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त आमचे पेटांक मंडळ गौरवअंक काढत आहे. मंडळाचे सचिव काळे सर यांनी मला लिहायला सांगितले, कारण आपांच्या संघात मी अकरा वर्षे खेळतो आहे. सोबत त्यांनी मुद्दे लिहून दिले. शेवटचा मुद्दा असा आहे: ‘आपांच्या क्रीडाजीवनाची कृतार्थ सांगता.’ बाकीचे मुद्दे मी घेतो. हा घेणार नाही. का, ते पुढे येईल.

आपांची पहिली ओळख किल्लीमुळे झाली. माझी पत्नी उषा बँकेतून निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जाऊ लागली. महिनाभरात फिरणे बाजूला राहिले आणि ती वसाहतीमागच्या मैदानात लोखंडी गोळे फेकते असे कळले. एकदा ती घराची किल्ली सोबत घेऊन गेली, म्हणून मी मागायला गेलो. पाच-सहा माणसे ओणवी होऊन जमिनीकडे बघत होती. सलवार-कमीज, वर पुरुषी स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा एक उंच बाई माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही सोनवणे साहेब ना? बघत काय राहिलात? टेपचं ते टोक धरा.”

मी धरले. किल्ली मागायची राहून गेली.

ज्यांना पेटांक हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आखलेल्या रिंगणात उभे राहून एक छोटी लाकडी गोटी पुढे टाकायची. तिला आम्ही पिल्लू म्हणतो. मग दोन्ही संघांनी आपापले गोळे पिल्लाच्या जवळ टाकायचे, किंवा दुसऱ्याचा गोळा जवळ असेल तर तो उडवायचा. ज्याचा गोळा सर्वांत जवळ त्याला गुण. आधी तेरा करील तो जिंकला. वसाहतीत याला अजूनही ‘म्हाताऱ्यांच्या गोट्या’ म्हणतात. म्हणोत.

हा खेळ आमच्याकडे आला तोही आपांमुळेच. त्यांचे पती चितेगावला एका कारखान्यात फोरमन होते. तिथे यंत्र बसवायला आलेला फ्रेंच इंजिनीअर परत जाताना गोळ्यांची पेटी त्यांना देऊन गेला. पेटी अनेक वर्षे खोलीचे दार वाऱ्याने लागू नये म्हणून दाराशी ठेवलेली होती. आपा मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेटी उघडली, नियम मागवले, एकेक शब्द शब्दकोशात बघून मराठीत आणि उर्दूत उतरवले आणि मुरमाची एक ट्रॉली मैदानात ओतून घेतली. तो हाती लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या आजही पर्समध्ये ठेवतात.

आमच्या मंडळाची एक रीत आहे, तीही आपांनीच घातलेली. आपला गोळा जवळ आहे असे आपण म्हणायचे नाही. समोरच्याने बघून ‘तुमचा’ म्हणायचे. अगदीच शंका असेल तर टेप. या रितीपायी आम्ही पहिल्याच बाहेरगावच्या स्पर्धेत तोंडावर आपटलो. सवयीने आम्ही तिघे ‘तुमचा, तुमचा’ म्हणत गेलो आणि समोरचे ‘हो, आमचाच’ म्हणत गुण घेत गेले. अर्धा डाव संपेपर्यंत एकालाही टेपची आठवण झाली नाही. येताना बसमध्ये उषा म्हणाली, “आपा, तुमच्या रितीनं आपण उपाशी मरू.” आपा म्हणाल्या, “रीत ऱ्हाईल. उद्यापासून टेप गळ्यात.” तेव्हापासून आपांच्या गळ्यात टेप असतो आणि रीतही आहे.

उषा उत्तम टेकवायची. गोळा हळू सोडायची आणि तो पिल्लापाशी जाऊन थांबायचा. मात्र तिची कंबर दुखे, म्हणून गोळे उचलायला तिने जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले चुंबक काढून दोरीला बांधले होते. दोरी सोडायची, गोळा चिकटला की ओढायची. आपा तिला चिडवायच्या, “विहिरीवर आलीस का गं पाण्याला?” उषा म्हणायची, “तुमचा गुडघा गेल्यावर मागायला याल.”

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात उषा गेली. फार दिवस आजारी नव्हती. त्याबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही.

तेराव्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी आपा घरी आल्या. भेटायला येणारे जे बोलतात त्यातले त्या काही बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या, उषाच्या फोटोकडे थोडा वेळ बघितले आणि जाताना “उद्या साडेसहा,” एवढेच म्हणाल्या. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाटकाशी उभ्या राहून दोन गोळे एकमेकांवर आपटायला सुरुवात केली. शेजारचे दोघे बाहेर आले. मी खिडकीतून हात जोडले. आपा गेल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी गोळे आपटायच्या आत मी बूट घालून फाटकाशी उभा होतो. आपा म्हणाल्या, “चला.”

बायकोला जाऊन महिना झाला नाही आणि हा गोट्या खेळतो, असे वसाहतीत बोलले गेले. बोलणारे आजही इथेच राहतात आणि हा अंक त्यांच्या घरीही जाईल. त्यांना सांगतो, होय, खेळत होतो. त्या दिवसांत सकाळचे दोन तास सोडले तर मी दुसरे काहीही करत नव्हतो. ते दोन तास आपांनी दिले.

त्याच हिवाळ्यात कन्नडला स्पर्धा होती. तीन-तीन जणांचे संघ, प्रत्येकाला दोन गोळे. फॉर्म आपांनी भरला. तिथे नावे पुकारली तेव्हा मला कळले की तिसरे नाव उषाचे आहे. मला वाटले, सवयीने चूक झाली. संयोजक एक तरुण प्राध्यापक होते. त्यांनी विचारले, “उषाताई सोनवणे कुठं आहेत?”

“त्या वारल्या,” आपा म्हणाल्या.

संयोजक गडबडले. म्हणाले, आमच्याकडे एक बाई रिकाम्या आहेत, त्यांना घ्या, नाव बदलून देतो. आपा नको म्हणाल्या. मग संघ बाद होईल, ते म्हणाले. आपांनी पर्समधून तो कागद काढला.

“एखादा खेळाडू हजर नसंल तर संघ अपुरा खेळू शकतो. फक्त त्याचे गोळे वापरता येत नाहीत. आम्ही वापरणार नाही. हजर का नाही हे विचारायचं, असं कुठं लिहिलंय ते दाखवा, मी निघते.”

संयोजकांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. त्यांनी आमच्या संघापुढे खूण केली.

आम्ही दोघे चार गोळ्यांनी सहा गोळ्यांविरुद्ध खेळलो. उषाचे दोन गोळे रिंगणाबाहेर टॉवेलवर ठेवले होते. पहिला सामना वाईट हरलो. दुसरा थोडक्यात हरलो. तिसरा बिडकीनच्या संघाशी होता. त्यांच्यातला एक जण हसून म्हणाला, “दोघंच? तिसरं जेवायला बसलं काय?”

“तिसरी बघतीय,” आपा म्हणाल्या. “नीट टाका.”

तो सामना आम्ही तेरा-अकरा जिंकलो. शेवटच्या गोळ्याला शंका होती. मी टेप मागायला हात पुढे केला, एवढ्यात तोच बिडकीनचा माणूस खाली वाकून बघून म्हणाला, “तुमचा.” त्याला आमची रीत कोणी सांगितलेली नव्हती. स्पर्धेत आम्ही कुठेच आलो नाही. परतताना जीपमध्ये मी प्रथमच रडलो. आपा दुसरीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी आपांनी वसाहतीतल्या शोभाताईंना तिसऱ्या जागी आणले. मी म्हणालो, पुन्हा दोघेच खेळू. त्या म्हणाल्या, “एकदा केलं ते पुरे, साहेब. गेलेल्याचं नाव एकदाच लिहायचं. जित्याचं मात्र कोणाला खोडू द्यायचं नाही.”

हे वाक्य मी काळे सरांना या आठवड्यात ऐकवले. पुढच्या महिन्यात पुन्हा कन्नडला स्पर्धा आहे. काळे सरांनी संघांची यादी लावली तीत आमच्या संघात आपांच्या जागी त्यांचे स्वतःचे नाव आहे आणि आपांच्या नावापुढे ‘मार्गदर्शक’ लिहिले आहे. काळे सर वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी आपांसाठी चांगली शाल आणली आहे. ते म्हणाले, या वयात, ऑपरेशननंतर, आता सन्मानाने बसू द्या त्यांना. मी विचारले, आपांना विचारले का? विचारले नव्हते.

काल दुपारी मी विचारायला गेलो. आपा पलंगावर बसून पाय उचलण्याचा व्यायाम करत होत्या, स्वतःच मोजत होत्या. मी यादीचे सांगितले. अठ्ठावीसपर्यंत मोजून झाल्यावर त्या बोलल्या.

“शाल घेईन. थंडी हाय. पण त्यासाठी गोळे खाली ठेवणार नाही.” मग म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतो, खाली वाकायचं नाही. फेकायचं नाही असं नाय म्हणला. उषाचं ते विहिरीचं सामान हाय का अजून?”

मी म्हणालो, आहे.

म्हणून या अंकात, सर्वांसमक्ष लिहून ठेवतो. आमच्या संघाचा फॉर्म मी आज भरला आहे. पहिले नाव नसीम शेख. दुसरे माझे, तिसरे शोभाताईंचे. त्या दिवशी आपांना येता आले नाही तर शोभाताई आणि मी चार गोळ्यांनी खेळू. आपांच्या जागी कोणी उभे राहणार नाही. संपादकांनी हा परिच्छेद गाळू नये. गाळला तर मी समारंभात उभा राहून तो वाचेन. मला सभेत बोलता येत नाही हे सर्वांना माहीत आहे, तरी वाचेन.

आपांना मी काय शुभेच्छा देणार? त्यांचा गुडघा त्यांच्या जिभेइतका बळकट होवो. त्यांना पुष्कळ वर्षे मिळोत, आणि त्यांतली एकही खुर्चीत बसून दुसऱ्याचा खेळ बघण्यात न जावो. आमचे गोळे पिल्लापासून त्यांच्यापेक्षा लांब पडत राहोत आणि ते आम्हीच त्यांना सांगत राहू.

लेख झाल्यावर कपाटातून चुंबक काढले. दोरी कुजली होती. ती कापून नवी बांधली. आपा उषापेक्षा उंच आहेत, म्हणून वीतभर जास्त ठेवली. मग उषाचे दोन गोळे गॅलरीत फरशीवर ठेवले, ताठ उभा राहिलो आणि दोरी सोडली. एक उचलला. पेटीत ठेवला. दुसरा उचलला.