मॅकथोरनांच्या उंबऱ्यावरचं पान

आधीच सांगतो, मी भूतबित मानणारा माणूस नाही. असले अनुभव वाचून "काय फेकतात यार!" म्हणणारा मीच. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा... पण कुणाला काही सुचलं तर सांगा.

आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला राहतो. गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो मी. गेल्या वर्षी इथे एक जुनं घर घेतलं. बॅकयार्डमध्ये एक लांबट काळा दगड जमिनीत आडवा बसवलेला — मधोमध झिजलेला. घर विकणाऱ्या मार्गारेटबाई सत्तरीच्या, शेजारीच राहतात. किल्ली देताना म्हणाल्या, "त्या दगडावर खायचं काही ठेवू नका, प्लीज." मला वाटलं, मुंग्या होत असतील.

सप्टेंबरात बाबा नागपूरहून आले. आई जाऊन दोन वर्षं झालीत. अविधवा नवमीला बाबांनी तिचं पान वाढलं — वरणभात, वडे, खीर — आणि डेकच्या कठड्यावर ठेवलं. कावळे मेपलच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. बाबांचा चेहरा उतरला. "हिचं काहीतरी राहिलंय रे," म्हणाले, आणि पान उचलून त्या दगडावर ठेवलं. मार्गारेटबाईंचं बोलणं मी पार विसरलो होतो! हात धुऊन आलो तर पान स्वच्छ. एक शीत नाही. कावळे अजून मेपलवरच, गप्प.

"आली होती!" बाबांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, खार असेल. पण ऐकतंय कोण!

मग दगडावर रोज पान वाढणं सुरू झालं, आणि बाबांचं स्वतःचं जेवण तुटलं. घास तोंडापर्यंत न्यायचे आणि खाली ठेवायचे. "मरणाची भूक लागलीय रे... पण भीती वाटते." कसली, ते सांगता येईना. डॉक्टर झाले, स्कॅन झाले, सगळं नॉर्मल. सदरा अंगावर लोंबायला लागला. बाबा हातचे जातात की काय, या विचाराने माझी झोप उडाली.

एका दुपारी मार्गारेटबाईंनी कुंपणावरून ते पान पाहिलं आणि पांढऱ्याफटक पडल्या. मला त्यांच्या घरात नेऊन भिंतीवरचं चित्र दाखवलं. स्कॉटलंडमधला पडका किल्ला.

"आमच्या मॅकथोरन घराण्याचा. शत्रूने वेढा घातला आणि रोज दाराच्या उंबऱ्यावर गरम जेवण ठेवलं. उचलायला जो बाहेर येई, त्याला बाण. शेवटी कुणी येईना. अन्नाकडे बघत बघत सगळे आत उपाशी मेले. परगावी होते तेवढे वाचले, त्यांचे आम्ही वंशज. पणजोबांनी तो उंबरा इथे आणला... तुमच्या बॅकयार्डात तोच आहे."

बाबांना सांगितलं. "म्हणजे ती नव्हती," एवढंच म्हणाले. मग उठले. "उपाशी माणसांपुढे पान ठेवलं, आणि आपण आधी खाऊन नाही दाखवलं. त्यांना वाटत असेल, पुन्हा तोच डाव." त्यांनी ताज्या पानावर भाकरी-पिठलं वाढून घेतलं, दगडापाशी मांडी घातली, आणि जेवले. पोटभर जेवले हो! मी अक्षरशः रडलो.

आनंद तेवढाच. आता बाबा फक्त तिथेच जेवू शकतात. घरात ताट दिलं की हात थांबतो. परतीचं तिकीट कॅन्सल केलं. बर्फ पडतोय, तरी जॅकेट-कानटोपी घालून बसतात, मी छत्री धरतो. दगड काढायला माणूस बोलावला, तर बाबा दगडालाच मिठी मारून बसले. "जेवत्या माणसांना उठवतोस?"

परवा जेवता जेवता सहज म्हणाले, "ते विचारताहेत, तुझा मुलगा रोज नुसता उभाच का असतो? तो का नाही बसत?" मी हसलो.

आज ऑफिसात डबा उघडला. बायकोने भरली वांगी दिलीत, माझी आवडती. सडकून भूक लागलीय. घास तोंडापर्यंत गेला... आणि हात थांबला. का, ते मला खरंच माहीत नाही. डबा अजून समोर उघडाच आहे.