पुरतं बंद करणारी बाई

आमच्या वन्संशी भांडायचा हक्क फक्त माझा आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, आणि घरातलं काहीही कुरकुरायला लागलं की आधी त्याचं बटण बंद करतात. पंखा कटकट करतोय? बंद. फ्रिज घरघरतोय? बंद. आम्ही घामाघूम होऊन बसलेलो, आणि या स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यांत डोकं घातलेल्या. "अहो, चालत होता की तो!" म्हटलं तर वरूनच म्हणतात, "तुमच्या डोक्यात पडेपर्यंत चाललाच असता."

लग्नाचंही तसंच झालं. एक स्थळ अगदी ठरत आलं होतं म्हणे. मुलाची आई म्हणाली, आमच्या घरात सुना शिकलेल्या असल्या तरी तसं दाखवत नाहीत, जरा कमी बोललं की सगळं निभतं. वन्संनी तिथल्या तिथे पायांत चपला घातल्या. आमचे हे अजून सांगतात, चहासुद्धा कपात तसाच राहिला.

आम्ही दोघी कामाला एकाच ठिकाणी, शहराच्या अँब्युलन्स केंद्रात. मी बाहेरच्या खोलीत, कानाला हेडसेट लावून लोकांचे फोन घेते. समोरच्या स्क्रीनवर कुठली गाडी कुठे आहे ते दिसतं, त्यातली जवळची पाठवायची. वन्सं काचेपलीकडच्या थंडगार खोलीत. तिथे लोखंडी कपाटात दोन मोठे सर्व्हर. जुन्याला आम्ही म्हातारा म्हणायचो, आणि मागाहून आलेल्याला नवरदेव, कारण त्याच्या कौतुकातून आमचे केंद्रप्रमुख साहेब बाहेरच येत नव्हते.

मी पहिल्यांदा विचारलं होतं, आमचं स्क्रीनचं मशीन या दोघांतलं नेमकं कुठलं? तर म्हणाल्या, "कुठलंच नाही. तुझं मशीन म्हणजे भाडेकरू. नुसतं सॉफ्टवेअरचं बनलेलं आहे, यांच्यापैकी एकाच्या पोटात राहतं. चालू असताना तसंच्या तसं उचलून दुसऱ्याकडे नेता येतं, तुला पत्ताही लागत नाही."

पण एक मेख होती. भाडेकरू सुरू होतो तेव्हा घरमालकाच्या प्रोसेसरला विचारून घेतो, तुला काय काय येतं? मिळालेलं उत्तर तो पुरता बंद होईपर्यंत धरून बसतो. नवरदेवाच्या प्रोसेसरला म्हाताऱ्यापेक्षा चार गोष्टी जास्त यायच्या. मिक्सरवर हात बसलेल्या बाईला वाटण चालू असताना उचलून नुसता पाटा असलेल्या स्वयंपाकघरात ठेवलं, तर तिचा हात बटण शोधत राहणार, तसं होतं ते. म्हणून नवरदेवाकडे सुरू झालेलं मशीन चालू स्थितीत म्हाताऱ्याकडे जाईना. यावर वन्संचा उपाय ठरलेला. नवरदेवाला आधीच बजावून ठेवायचं, म्हाताऱ्याला येतं तेवढंच सांग, बाकीचं झाकून ठेव. मग भाडेकरू दोन्ही घरांत सुखाने नांदतो.

सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी वन्सं रजेवर होत्या, तेव्हा साहेबांनी ते झाकण काढायला लावलं. "एवढं महागाचं मशीन आणलं ते काय तोंड दाबून ठेवायला?" आमचं मशीन बंद करून पूर्ण ताकदीनिशी नवरदेवाकडे सुरू केलं, आणि पुढे नवरदेवच आजारी पडला. त्याची मेमरी चुका करायला लागली. एका आठवड्यात दोनदा आमची स्क्रीन थिजली, माझ्या कानात बाई रडतेय आणि गाड्यांचे ठिपके जागचे हलेनात. आता म्हाताऱ्याकडे पळावं, तर वाट बंद.

साहेबांनी घाईघाईने झाकण परत लावायला लावलं आणि मशीन रीस्टार्ट करवलं. तरी ते म्हाताऱ्याकडे जाईना. रजेवरून परतलेल्या वन्सं कपाळाला हात लावून म्हणाल्या, "साहेब, रीस्टार्ट म्हणजे त्याने बसल्या जागी डोळे मिटून उघडले. जुनं उत्तर तसंच आहे. ते पुरतं बंद करायचं, मग म्हाताऱ्याकडे सुरू करायचं. दहाएक मिनिटं लागतील."

"बंद?" साहेब असे दचकले जणू कुणी त्यांचाच श्वास बंद करायला निघालंय. "दारावर पाटी काय आहे मॅडम? अखंड सेवा. नवीन सर्व्हर येईपर्यंत चालतंय तसं चालू द्या."

"आणि मधेच कोसळलं तर?"

"कोसळलं तर बघू."

मला तेव्हाच सगळं लख्ख कळलं. आपोआप कोसळलं तर दोष मशीनचा, बंद केलं तर सही साहेबांची. कोसळताना फोनवर कुणाचा जीव टांगलेला असेल, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण बोलले का? छे. घरात माझी जीभ तलवारीसारखी, आणि साहेबांसमोर तोंडात मिठाची गुळणी.

वन्संनी मात्र आम्हा चौघी फोनवाल्यांना गोळा केलं. "फोन चालूच राहतील, फक्त स्क्रीन जाईल. कागदावर निभवाल?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हो म्हटलं. दुपारी फोन कमी असतात ती वेळ धरली. सगळ्या ड्रायव्हरांना वायरलेसवर सांगितलं, कुठे आहात ते आता तोंडाने सांगत राहा. मग वन्संनी साहेबांच्या केबिनचं दार ढकललं, "मी बंद करतेय," एवढंच म्हणाल्या आणि मागे फिरल्या. चोरून नाही, सांगून केलं. हे मला फार आवडलं.

स्क्रीन काळी झाली. आणि नेमका माझाच फोन वाजला. एका वयस्कर गृहस्थांचा होता, बायकोला श्वास घेता येत नव्हता, जिन्यातच बसली होती. मी पत्ता कागदावर ओढला, वायरलेसवर ओरडले, "पाण्याच्या टाकीजवळ कोण आहे?" मिशीवाला ड्रायव्हर म्हणाला, "मी, पुलाखाली." "पळ मग!" त्यांच्याशी बोलत राहिले, खिडकी उघडायला लावली, बाईंना भिंतीला टेकवून बसवायला लावलं. मागे साहेब दारात उभे राहून ओरडत होते, कुणाच्या परवानगीने, कुणाच्या परवानगीने! कानात सायरन ऐकू आला आणि समोर स्क्रीन उजळली. बाई वाचल्या. आमचं मशीन आता म्हाताऱ्याकडे होतं, आणि कुठल्याही घरी जायला मोकळं.

त्याच आठवड्यात नवरदेव कायमचा गेला. पोटात कुणीच नव्हतं, त्यामुळे आम्हाला कळलंसुद्धा नाही. तुम्हाला वाटेल, साहेबांनी वन्संना हार घातला असेल. कसलं काय! "ते गेलं ते वेगळं, यांनी बंद केलं ते वेगळं," म्हणून चौकशी लावली आणि वन्संना घरी बसवलं. चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहून द्या, नाहीतर खुर्ची विसरा.

मी घरी हातापाया पडले. "वन्सं, जन्मभर मशिनांना हेच शिकवत आलात ना? येतं ते झाका, सगळ्यांत खपून जा. मग स्वतः एकदा झाका की!"

त्या शांतपणे भाजी निवडत होत्या. "मशीन झाकतं ते दुसऱ्या घरी जाऊन काम करता यावं म्हणून. मी झाकलं तर काम कुणाचं होणार? साहेबाचं. मी नाही लिहिणार."

चौकशीच्या दिवशी साहेबांनी मला गॅलरीत गाठलं. आवाजात लोणी. "तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, त्या जिन्यातल्या बाईंना गाडी उशिरा पोहोचली. तुमची दिवसाची पाळी कायम. घरात दोघींपैकी एकीची नोकरी तरी राहील."

मी होकाराची मान हलवली. खरं सांगते, हलवली. आत गेले, समोर तीन वरिष्ठ, बाजूला साहेब, कोपऱ्यात वन्सं हाताची घडी घालून. एकाने विचारलं, "त्या फोनला उशीर झाला का?" मी वन्संकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडून त्यांनी काही मागितलंच नव्हतं, आणि त्याचाच मला असा राग आला की गुळणी सुटली.

"नाही झाला," मी म्हटलं. "तो फोन माझ्या कानात होता, साहेबांच्या नाही. उशीर कशामुळे झाला असता सांगू? झाकण काढून ठेवल्यामुळे. ते यांनी काढायला लावलं, बंद करायला नको तेही यांनीच म्हटलं, आणि आता उशीर झाला असं खोटं बोलायलाही मला यांनीच सांगितलंय, आत्ता, गॅलरीत. बंद करायला आम्ही चौघींनी हो म्हटलं होतं. माफी लिहून घ्यायची असेल तर आणखी चार कागद काढा. आणि चारही कोरेच परत मिळतील."

वन्सं पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या, तोंड जरासं उघडं.

ताकीद देऊन वन्संना खुर्ची परत मिळाली, माफी न लिहिता. माझा हेडसेट मात्र काढून घेतला. आता मी मागच्या गोदामात स्ट्रेचरची चाकं आणि ऑक्सिजनच्या नळ्या मोजते.

परवा रात्री जेवताना मी सांगितलं, "साहेबांचा निरोप आलाय. इथून पुढे पूर्वीसारखी गप्प राहणार असेन, तर परत फोनवर घेतील."

वन्संना ठसका लागला इतक्या त्या हसल्या. "तुझं नाही जमायचं आता."

"का नाही?"

"त्या दिवशी त्या खोलीत तू 'सगळं येतं' हे उत्तर धरून सुरू झालीस. आता जुन्या जागी बसायची नाहीस. बसवायचं तर आधी तुला पुरतं बंद करावं लागेल." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. "आणि ते कुणाच्या बापाला जमायचं नाही."